घरचं सोलर, दुपारचा गिझर आणि बॅटरी

श्रीपूरकरांनो, छतावर सोलर बसवलंय ना? मग गिझर पहाटे कशाला लावता?

हिशोब सोपा आहे. 25 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला जेमतेम 0.9 युनिट लागतं. 1 किलोवॅटचं पॅनल आपल्या सोलापुरी उन्हात दिवसाला साधारण 4 युनिट देतं. साठवणीच्या गिझरला टायमर लावून पाणी दुपारी 1 ते 3 मध्ये तापवा. टाकीचं इन्सुलेशन चांगलं असेल तर सकाळी थोडंच वाढवावं लागतं. शक्य असल्यास 2 ऐवजी 1 किलोवॅटची कॉइल घ्या. वेळ दुप्पट लागतो, पण ढगाळ दिवशी पॅनल तेवढा भार पेलू शकतं.

नेट मीटरिंग असेल तर जास्तीचे युनिट महावितरणकडे जमा होतात, मग घाई कसली, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण 31 मार्चला शिल्लक युनिटला मिळणारा दर किरकोळ असतो.

आता बॅटरी. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःच बंद पडतो, भर उन्हातसुद्धा! लाइनमनला शॉक बसू नये म्हणून तशी रचना असते. लोडशेडिंगचा त्रास असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. मात्र तिच्यावर गिझर अजिबात नको, 2 किलोवॅटची कॉइल तासाभरात 2 युनिट गिळते. पंखे, दिवे, वायफाय, फार तर फ्रीज.

'पीएम सूर्यघर'मध्ये 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं, ते पॅनलच्या क्षमतेवर. बॅटरीचा खर्च आपलाच.