ओळखा पाहू : मारांडी

मित्रमैत्रिणींनो, आपल्या गोराईच्या खाडीला तिवरांचे रान आहे. फाल्गुन-चैत्रात त्या रानात एक निळे-जांभळे फूल फुलते. त्या झुडपाचे नाव मारांडी. पुस्तकातले नाव अकॅन्थस इलिसिफोलिअस. हे झुडूप आपल्याच किनाऱ्यावरचे आहे, बाहेरून आणलेले नाही.

ओळखण्याच्या खुणा :

१) जागा : खाडीकाठचा चिखल. उंची साधारण माझ्या खांद्याएवढी.

२) पान : जाड, चकचकीत. कडेला काटे असतात. सावलीतल्या पानाला काटे कमी असतात, कधी नसतातच. पानावर पांढरे कण दिसतात. ते मीठ आहे! झाड खारे पाणी पिते आणि जास्तीचे मीठ पानातून बाहेर टाकते.

३) फूल : फांदीच्या शेंड्याला तुरा येतो. फुलाला एकच रुंद पाकळी, जीभ बाहेर काढल्यासारखी. त्यावर भुंगे येतात.

४) फळ : पिकले की तडकते आणि बिया लांब उडतात.

आता फसू नका हं. काटेरिंगणीचे फूलही जांभळे असते. पण ते चांदणीसारखे पाच टोकांचे आणि मधे पिवळे असते. ती कोरड्या जमिनीवर पसरते. पिवळ्या धोत्र्याची पानेही काटेरी, पण त्याचे फूल पिवळे आणि चीकही पिवळा. तो मूळचा मेक्सिकोचा.

मारांडी ओळखून काय उपयोग, असे कोणी विचारील. माझी आजी सांगते, मारांडी आहे तिथवर खाडीचे पाणी येते. म्हणजे ती जागा पडीक नाही, खाडीचीच आहे. काही माणसे काटेरी झुडपे बघून तिथे कचरा आणि राडारोडा टाकतात. मग भरतीचे पाणी अडते आणि तिवरे सुकतात. चिंबोऱ्या, निवट्या आणि माशांची पिल्ले याच चिखलात वाढतात. ती गेली तर आपल्या ताटात काय येणार?

२०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्या राज्यात तिवरे तोडायला आणि तिथे भराव टाकायला बंदी केली.

आईबाबांनो, तुम्हीपण खाडीवर जाल तेव्हा मारांडी बघा. काटे लागतील म्हणून लांबूनच बघा. आणि कोणी तिथे कचरा टाकत असेल, तर त्याला हे फूल दाखवा.

– इयत्ता ४ थी, गोराई