दिघीच्या शाळेत नाटक बसवायचं तर

दिघीसारख्या बंदराच्या गावात मुलांना नाटक शिकवायचं म्हटलं की लोक आधी विचारतात, नाट्यगृह कुठाय? अभिनेत्री सुलभा देशपांडे (१९३७–२०१६) यांचं काम बघितलं तर या प्रश्नाची गरज उरत नाही. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली लीला बेणारे त्यांनी रंगमंचावर गाजवली, १९७१ साली सत्यदेव दुबेंच्या चित्रपटातही केली. बेणारे शिक्षिका, सुलभाताईही दादरच्या छबिलदास शाळेत शिकवत. मुलांसाठी चांगली नाटकं हवीत म्हणून त्यांनी विजय तेंडुलकरांना लिहितं केलं. पुढे अरविंद देशपांडे आणि सहकाऱ्यांबरोबर ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था उभी राहिली, तिची बालशाखा ‘चंद्रशाळा’. १९७४पासून आविष्कारचे प्रयोग त्याच शाळेच्या लहानशा सभागृहात होऊ लागले. प्रेक्षक अगदी पुढ्यात. नटाची भुवई हलली तरी दिसायची.

म्हणजे बाकं भिंतीला सरकवलेला एक वर्ग पुरतो.

संहिता मात्र पहिल्या दिवशी वाटू नये. स्नेहसंमेलनातली निम्मी नाटकं तिथेच मरतात: मुलं वाक्यं पाठ करतात, पाठांतराचा सूर लागतो आणि तो नंतर काही केल्या सुटत नाही. आधी नुसतं चालायचं, थांबायचं, समोरच्याकडे बघायचं. मग एखादा प्रसंग द्यायचा. आगरदांड्याची फेरीबोट सुटतेय आणि आजीची पिशवी जेट्टीवर राहिलीय. आजी कोण, खलाशी कोण, पिशवीत काय, ते मुलांनीच ठरवावं. बोली त्यांचीच असू द्यावी, ‘शुद्ध बोल’ म्हणून टोकू नये. दोन-तीनदा प्रसंग झाला की चपखल वाक्यं आपोआप टिकतात. शिक्षकाने ती टिपून घ्यावीत. लिहिलेलं नाटक घ्यायचं असेल तर ते यानंतर वाचावं.

आवाजाचं काम वेगळं. इंजिनाच्या घरघरीतून हाक मारणाऱ्या मुलांना ओरडायला शिकवावं लागत नाही, उलट ते सोडायला शिकवावं लागतं. श्वास पोटातून घ्यायचा, वाक्याचा शेवटचा शब्द गिळायचा नाही. एकाने वर्गाच्या टोकाला उभं राहून कुजबुजावं आणि दुसऱ्या टोकाच्या मुलाला प्रत्येक शब्द कळावा, एवढी कसोटी पुरे.

भूमिकांची वाटणी शेवटी. चंद्रशाळेचं ‘दुर्गा झाली गौरी’ हे मुलांच्या मोठ्या ताफ्याचं नृत्यनाट्य वर्षानुवर्षं चाललं. मुलं मोठी होत जातात, तेव्हा असं नाटक एका मुलावर तगत नाही. तालमीत भूमिका आलटून-पालटून करून घ्याव्यात. कुणी ऐनवेळी आजारी पडलं, कुणी मामाच्या गावाला गेलं, तरी प्रयोग अडत नाही. शिवाय इतरांची वाक्यंही ऐकण्याची सवय लागते, आणि ऐकणं हा अभिनयाचा मोठा भाग.

नेपथ्याला दोन बाकं, एक जाळं चालेल. विंगेतला प्रॉम्प्टर मात्र रंगीत तालमीच्या आधीच उठवावा. तो बसलेला असेपर्यंत मुलांचे कान विंगेकडेच राहतात.