घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक्स (भाग ५) : रेझिस्टर आधी की नंतर?

मागच्या भागात आपण ३ व्होल्टच्या बटन सेलवर लाल एलईडी लावला. त्या सेलचा अंतर्गत रोध बराच असतो, म्हणून एलईडी वाचला. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी अशी दयामाया दाखवत नाही; थेट जोडला तर एलईडी जळतो. तिथे रेझिस्टर हवाच.

कितीचा? लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरले ७. प्रवाह १५ मिलिअँपिअर हवा, तर ७ भागिले ०.०१५, म्हणजे सुमारे ४६७ ओहम. दुकानात ४७० चा मिळतो : पिवळा, जांभळा, तपकिरी पट्टा. ओहमचा नियम आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात नववीत येतो, पण भागाकार येणाऱ्या सहावीच्या मुलाला तोवर ताटकळत ठेवायचं कारण नाही. १८२७ साली तो नियम मांडणारा गेओर्ग ओहम स्वतः शाळामास्तरच होता.

बहुतेक मुलं रेझिस्टर बॅटरीच्या धन टोकाला, एलईडीच्या आधी लावतात. एलईडी पेटला की विचारा, ‘हाच रेझिस्टर एलईडीच्या पुढे, ऋण टोकाकडे नेला तर?’

‘मग जळेल की! करंट आधी एलईडीत घुसेल ना.’

या उत्तराला हसू नका. प्रवाह बॅटरीतून निघतो, वाटेत थोडाथोडा खर्च होतो आणि उरलासुरला परततो, असं चित्र त्यामागे असतं. देशोदेशीच्या मुलांच्या डोक्यात ते सापडलं आहे, आणि नुसतं ‘चूक’ म्हटल्याने पुसलं जात नाही. रेझिस्टर हलवून दाखवा. उजेड तसूभरही बदलत नाही.

आता मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून मंडलाच्या मधोमध जोडा. (बॅटरीच्या दोन टोकांना थेट लावू नका, मीटरचा फ्यूज उडेल.) एलईडीच्या आधी मोजा, नंतर मोजा, दोन्हीकडे आकडा तोच, १५ च्या आसपास.

घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकलकडे जाणारी गर्दी आठवा. चिंचोळा जिना वाटेत कुठेही असो, मिनिटाला किती माणसं पलीकडे पोचणार हे तोच ठरवतो. मात्र जिन्याच्या तोंडाशी माणसं तुंबतात, तारेत विद्युतभार तसा तुंबत राहत नाही. हा फरकही मुलांना सांगून टाका.

मग एकाच पाकिटातले दोन लाल एलईडी ओळीने जोडा. दुसरा जास्त मंद दिसेल, अशी पैज कोणीतरी लावणारच. दोघेही सारखेच मंदावतात : ९ मधून ४ गेले, ५ भागिले ४७०, म्हणजे जेमतेम ११ मिलिअँपिअर.

बोरिवली-मुलुंडच्या कित्येक घरांत सहावीचं मूल डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची तयारी करत असतं. तिच्या प्रात्यक्षिक फेरीसाठी जोडण्या घोकून घेणारे पालक मला कळत नाहीत. मंडल उलटसुलट करून बघायला एक दुपार पुरते.

पुढच्या भागासाठी १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर आणून ठेवा. लॅमिंग्टन रोडला फेरी होणार असेल तर ४७० चे रेझिस्टर मूठभर घ्या, ते हरवतात फार. कपॅसिटरची ऋण बाजू पट्ट्याने दाखवलेली असते. तो उलटा जोडायचा नाही, आणि घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगपाशी यातलं काहीही न्यायचं नाही.