फुकट आहे, मग पैसे कसले मागता?

वांगणीच्या एका शाळेतल्या जुन्या लॅपटॉपवर लिबरऑफिस हे लिखाणा-हिशेबाचं फुकट सॉफ्टवेअर टाकत होतो. या बाजूला रेंज येते-जाते, त्यामुळे फाइल मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सावकाश उतरत होती. तेवढ्यात पडद्यावर देणगीचं पान आलं आणि शेजारी बसलेल्या गुरुजींनी घाईघाईने लॅपटॉपचं झाकणच लावलं. "दादा, बंद करा, खात्यातून पैसे कापतील! आणि फुकट आहे म्हणालात ना, मग हे कसले मागतात?"

झाकण लागल्यामुळे डाउनलोड तुटलं. पुन्हा पहिल्यापासून.

हा प्रश्न मी जव्हार-मोखाड्यापासून ठाण्यापर्यंत इतक्यांदा ऐकलाय की आता चीड येते. गुरुजींची नव्हे. महिन्याची फी घेऊन दहा-दहा कॉम्प्युटरचे क्लास चालवणारेही हेच वाक्य ऐटीत ऐकवतात, त्यांची.

आधी भीतीचं बघू. ते पान म्हणजे बिल नाही. कार्डाचा नंबर तुम्ही स्वतः भरल्याशिवाय एक पैसा हलत नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार बंदच असतात, ते आपणच चालू करावे लागतात. देणगी न देता पान बंद केलंत तरी फाइल उतरत राहते, आणि देणाऱ्याला मिळतं तेच लिबरऑफिस न देणाऱ्यालाही मिळतं.

आता 'फुकट'चं. सॉफ्टवेअरची आणखी एक प्रत काढायला जवळजवळ काही लागत नाही, हे खरं. पण ते लिहायला, विंडोज बदललं की त्याच्याशी जुळवायला, सुरक्षेतली भोकं बुजवायला माणसं लागतात. गावच्या विहिरीचं पाणी कुणी विकत नाही, म्हणून तिचा गाळ आपोआप निघतो का? त्यासाठी वर्गणी काढावीच लागते. लिबरऑफिसमागची 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही बर्लिनची ना-नफा संस्था मुख्यतः अशाच वर्गणीवर चालते.

गाळ साचला की काय होतं, ते एप्रिल २०१४ मध्ये जगाने पाहिलं. असंख्य वेबसाइट्सचं कुलूप असलेल्या ओपनएसएसएल या अशाच फुकट सॉफ्टवेअरमध्ये 'हार्टब्लीड' नावाची चूक सापडली. ती तिथे दोन वर्षं होती. हे कुलूप सांभाळायला पूर्णवेळ माणूस एकच, आणि देणग्या वर्षाला साधारण २००० डॉलर. हा आकडा माझा नाही, त्या प्रकल्पाचा आर्थिक व्यवहार पाहणाऱ्या स्टीव्ह मार्क्वेस यांनीच तेव्हा जाहीरपणे लिहिला होता. 'मोठ्या कंपन्या देतातच की' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभा केला तो या घटनेनंतर.

आणखीही काही वाक्यं नेहमी ऐकू येतात. 'आमच्या शंभर रुपयांनी काय होणार?' थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रामचा २०२२ चा जमाखर्च बघा. ६४ लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली, आणि ती जवळपास सगळी वापरणाऱ्यांच्या देणग्यांतून.

'आपल्या देशात कोण देतं?' झेरोधा या शेअर दलाल कंपनीने २०२४ मध्ये मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणाऱ्या, सॉफ्टवेअरसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी सुरू केला.

'मुक्त सॉफ्टवेअर विकणं बेकायदा आहे.' नाही. जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना विकायला स्पष्ट मुभा देतो. मात्र व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरसाठी कुणी पैसे भरायला लावत असेल, तर ती साइट व्हीएलसी बनवणाऱ्यांची नव्हे.

'आयकरात ८०जीची सवलत मिळेल.' परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळत नाही.

वांगणीच्या शाळेने पैसे द्यावेत असं मी मुळीच म्हणत नाही. फी घेणाऱ्या क्लासने आणि लिबरऑफिसवरच हिशेब ठेवणाऱ्या दुकानाने द्यावेत. आणि देणं म्हणजे पैसेच, असंही नाही. लिबरऑफिस मराठीतही आहे, आणि त्याचं भाषांतर कुणालाही सुधारता येतं.

संध्याकाळी शाळेतल्या त्या लॅपटॉपवर एकदाचं ते चालू झालं. गुरुजींनी मेन्यू वाचत वाचत दोन शब्दांवर बोट ठेवलं. म्हणाले, "हे असं कुणी बोलत नाही." दोन्ही शब्द मी वहीत उतरवून घेतलेत.