नवजात बालकाची वस्त्रे : घरच्या घरी शिवण

धानाची मळणी आटोपली म्हणजे गृहिणींना थोडी सवड मिळते. त्याच सुमारास गडचिरोली जिल्ह्याच्या वनभागात कडाक्याची थंडी पडू लागते. ज्या घरी पाळणा हलावयाचा आहे, त्या घराने ही सवड बाळाच्या वस्त्रांसाठी राखून ठेवावी.

गर्भाच्या उबेतून बाहेर आलेले ओले बालक फार लवकर गारठते. त्याच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस असावे लागते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकाच्या अंगी चरबी थोडी असते. त्यामुळे त्याला थंडीचा धोका अधिक. गारठलेले बालक अंगावर नीट पीत नाही व अशक्त होत जाते. याच जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. या कामात जंतुसंसर्गावरील औषधोपचाराचा वाटा मोठा होता, आणि बाळास उबदार ठेवणे हाही त्याचा एक भाग होता.

ही ऊब विकतच आणली पाहिजे असे नाही. मुलचेरा तालुक्यात ती कला दोन वाटांनी आलेली आहे. मराठी घरांत जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून गोधडी शिवतात. पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, आलेली जी बंगाली कुटुंबे १९६० नंतरच्या दशकात या भागात वसविण्यात आली, त्यांची ‘कांथा’ही जुन्या साड्यांच्या थरांचीच, तिचा दोराही पूर्वी साडीच्या काठातून काढीत. टाका दोहोंचा एकच, धावदोरा. तेव्हा महिला बचत गटांत दोन्हीकडच्या भगिनींनी एकत्र बसून हे काम करावे, हे इष्ट होय.

कापड व झबले. अनेकदा धुतलेले सुती कापड सर्वांत मऊ. ते गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. ५० सें.मी. रुंद व ६० सें.मी. लांब तुकडा लांबीच्या मध्यावर दुमडावा व दुमड वरच्या बाजूस ठेवावी; ते झाले खांदे. खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून १२ सें.मी. रुंद व २० सें.मी. उंच असे आयताकृती तुकडे कापून काढावेत. वर बाह्या उरतात व मध्ये अंग उरते. दुमडीच्या मध्यावर १० सें.मी. रुंदीचा गळा कापावा. तो पुढे ४ व मागे १ सें.मी. खोल असावा. पुढचा थर मधोमध उभा कापून दोन आखूड बंद लावावेत. बटण किंवा टाचणी लावू नये. शिवण बाहेरच्या अंगास ठेवावी, म्हणजे कोवळ्या कातडीस ती काचत नाही.

टोपडे. बाळाच्या डोक्यावाटे बरीच ऊब निघून जाते. ३८ सें.मी. लांब व १८ सें.मी. रुंद कापडाच्या आखूड बाजू जोडाव्यात आणि एका काठास धावदोरा घालून तो आवळावा. काढलेल्या तुकड्यांचे लंगोट होतात.

सहा झबली, दोन टोपडी, चार दुपटी, डझनभर लंगोट व अंथरावयास एक गोधडी एवढे बाळंतपणापूर्वी महिनाभर आधी तयार असावे. जन्माआधी बाळाचे काही शिवू नये असे काही घरांत मानतात. तेथे वडीलधाऱ्यांचे मन न दुखविता निदान मऊ कापड धुऊन, कापून बांधून ठेवावे. रात्री-अपरात्री बाळ आले असता कापड शोधण्यात वेळ जाता कामा नये.

सावधगिरी. गोधडी बाळाखाली अंथरावी. तोंडावर जड पांघरूण कधीही घेऊ नये. पहिले २४ तास बाळास आंघोळ घालू नये. तळपाय गार व पोट उबदार लागल्यास बाळास थंडी वाजत आहे असे समजावे. पोटही गार लागल्यास त्यास आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वर पांघरूण घालावे व आशा कार्यकर्तीस तात्काळ बोलवावे. कपडे आईच्या अंगाच्या उबेची जागा घेऊ शकत नाहीत. उन्हाळ्यात मात्र एकच पातळ झबले पुरे.

खेळणी. उरलेल्या चिंध्यांचा चेंडू किंवा बाहुली मोठ्या बाळासाठी करावी. आत काटेसावरीचा कापूस भरल्यास दुहेरी कापड व दाट टाके घालावेत. खेळणे तोंडात मावेल इतके लहान नसावे. डोळे मण्यांचे न करता दोऱ्याने भरावेत.

आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांनी गरोदर भगिनींच्या भेटीत एक तयार झबले बरोबर न्यावे. नुसत्या सांगण्यापेक्षा हाती दिलेला नमुना लवकर पटतो, आणि त्यावर बेतून घरोघरी दुसरे झबले सहज तयार होते.