कॅप्टन, पण बेंचवर!

बढती मिळायच्या दिवशी नारळ हातात पडला, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय? मग खडकीच्या या पोराची गोष्ट तुमच्यासाठी.

मारुंजीत राहणाऱ्यांचा एक साधा हिशोब असतो. सकाळी साडेआठला तुम्ही लक्ष्मी चौकात गाडीत बसून हॉर्न ऐकताय, म्हणजे तुम्हाला जॉब आहे. मागच्या पावसाळ्यात माझी गाडी तीन आठवडे सोसायटीच्या पार्किंगमधून हललीच नाही. कारण? मी बेंचवर होते!

आयटीवाल्यांना बेंच म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात : पगार चालू, काम बंद आणि एचआरचा फोन वाजला की पोटात गोळा. माझ्या बाबतीत तर गंमतच झाली. रिलीज वेळेत झालं, क्लायंटकडून कौतुकाचा मेल आला, केक कापला, फोटोबिटो झाले. पण त्यानंतरच्या मीटिंगमध्ये माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘सलग सहा वीकेंड आलोय आम्ही. कॉम्प-ऑफचं काय?’’ सगळे एकदम लॅपटॉपमध्ये बघायला लागले. पंधरा दिवसांनी नव्या टीमची यादी आली. त्यात माझं नाव नव्हतं. ‘‘तुला जरा विश्रांतीची गरज आहे,’’ मॅनेजर म्हणाले. काय काळजी!

राजीनाम्याचा मेल लिहून मी ड्राफ्ट्समध्ये ठेवला होता. त्याच आठवड्यात हॅंडओव्हरचा शेवटचा कॉल होता, डब्लिनच्या सहकाऱ्याबरोबर. त्याच्या मागे भिंतीवर एक काठी टांगलेली दिसली. मी आपलं सहज विचारलं, ‘‘हॉकी खेळतोस?’’ त्याचा चेहरा असा झाला, की जणू मी पुरणपोळीला पराठा म्हटलंय!

ते हर्लिंग होतं. ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची चपट्या टोकाची काठी, छोटा चामडी चेंडू, एका बाजूला पंधरा खेळाडू. चेंडू जमिनीवरूनच नाही, तर हवेतूनही टोलवायचा. आणि सगळ्यात भारी म्हणजे, तिथले दिग्गजही हौशीच. पगार नाही, ट्रान्सफर फी नाही. जिथे वाढलात त्या क्लबकडून आणि त्या परगण्याकडून खेळायचं. किल्केनीचा हेन्री शेफलिन ऑल-आयर्लंडची तब्बल दहा विजेतेपदं घेऊन २०१५ मध्ये निवृत्त झाला. हे सगळं बॅंकेतली नोकरी सांभाळून! २०१८ मध्ये युनेस्कोने हर्लिंगला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

‘‘तुमच्याकडे आहे का असा कोणी काठीवाला?’’ त्याने विचारलं.

‘‘आहे की. धनराज पिल्ले. इथून रस्ता मोकळा मिळाला, तर पाऊण तासावर वाढला तो.’’

उत्तर दिलं खरं, पण कॉल संपल्यावर लक्षात आलं, की मला तरी त्याच्याबद्दल काय माहितीये? उडणारे लांब केस आणि भयंकर स्पीड, बस्स. शाळेत मी स्वतः दोन वर्षं हॉकी खेळले होते. दहावी आली आणि स्टिक माळ्यावर गेली. ती आजही आईकडे माळ्यावरच आहे. बेंचवर वेळच वेळ होता, म्हणून मी धनराज वाचत सुटले.

तर मंडळी, स्टोरी सुरू होते खडकीत. दारूगोळ्याच्या कारखान्यांचं, लष्कराचं आणि हॉकीचं खडकी. १६ जुलै १९६८ चा जन्म. वडील नागलिंगम मैदानाची देखभाल करायचे. घरात तमिळ, गल्लीत मराठी आणि पैशांची कायमची ओढाताण. नवी स्टिक कुठून आणणार? मोडक्या काठ्या दोरीने करकचून बांधायच्या आणि भिडायचं. ‘खेळ’ म्हणून पाठीशी उभी राहिली ती आई, अंदलअम्मा. डोळ्यांसमोर आदर्श होता मोहम्मद शाहिदचा. पुढे मोठा भाऊ रमेश मुंबईत खेळत होता, त्याच्यामागोमाग धनराज तिकडे गेला. मग महिंद्र अॅंड महिंद्रचा संघ आणि ज्योकिम कार्व्हालोंचं मार्गदर्शन. १९८९ मध्ये दिल्लीच्या आशिया चषकात त्याने भारताची जर्सी घातली आणि पुढची पंधरा वर्षं उतरवलीच नाही.

म्हणजे, एक छोटासा काळ सोडून. आणि माझी खरी स्टोरी तिथेच आहे.

डिसेंबर १९९८, बॅंकॉक. एशियन गेम्सची फायनल, समोर दक्षिण कोरिया. भारताने हॉकीतलं एशियाड सुवर्ण शेवटचं जिंकलं होतं १९६६ मध्ये, म्हणजे धनराज जन्मायच्या आधी! सामना बरोबरीत सुटला, पेनल्टी स्ट्रोक्सवर गेला आणि गोलकीपर आशिष बल्लाळ भिंतीसारखा उभा राहिला. ३२ वर्षांनी सुवर्ण. कॅप्टन कोण? धनराज पिल्ले.

मग सत्कार, हारतुरे, विमानतळावर ढोल. आणि पुढे? काही आठवड्यांतच पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेसाठी संघ निवडला गेला, त्यात कॅप्टन नाही! बल्लाळही नाही. आणखीही काही सीनिअर गायब. अधिकृत कारण काय सांगितलं गेलं माहितीये? ‘विश्रांती.’

हा शब्द वाचला आणि मी रात्री साडेअकराला मोठ्यांदा हसले. शेजारच्या फ्लॅटमधल्यांना नक्की ऐकू गेलं असणार. परदेश दौऱ्यांवर खेळाडूंना सामन्याचं मानधन मिळत नाही, संघाची तयारी धड होत नाही, हे धनराजने उघडपणे बोलून दाखवलं होतं. त्याचीच ही शिक्षा, असं तेव्हा बहुतेकांचं मत पडलं. माझा कॉम्प-ऑफ आणि त्याचं मानधन यांची तुलना करण्याइतकी मी वेडी नाही. पण त्या रात्री एकटं वाटलं नाही, एवढं खरं.

मला उत्सुकता होती ती पुढची. त्याने काय केलं? गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो चिडायचा आणि चिडलेला दिसायचा. पण खेळणं त्याने थांबवलं नाही. तो संघात परतला आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकला गेला. तिथे पोलंडविरुद्ध जिंकलो की सेमीफायनल पक्की होती. भारत १-० ने पुढे होता. शेवटची दोनेक मिनिटं उरली असताना पोलंडने बरोबरी साधली. संपलं सगळं! मैदानावर कोसळून रडणारा धनराज त्या काळी ज्यांनी टीव्हीवर पाहिला, ते आजही तो प्रसंग विसरलेले नाहीत.

तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. फॉरवर्डने स्टिक ठेवून द्यायचं वय. याने काय केलं? २००२ मध्ये कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत भारत चौथा आला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला ३४ वर्षांचा धनराज! पुढच्या वर्षी क्वालालंपूरला त्याच्याच नेतृत्वाखाली पाकिस्तानला ४-२ ने हरवून भारताने पहिल्यांदा आशिया चषक जिंकला. ऑलिंपिक पदक मात्र त्याला कधीच मिळालं नाही. २००४ च्या अथेन्समध्ये भारत सातवा आला आणि त्याचा आंतरराष्ट्रीय प्रवास तिथे संपला.

म्हणजे हॅपी एंडिंग वगैरे काही नाही. मला वाटलं होतं, यातून मला उत्तर मिळेल, राजीनामा पाठवायचा की नाही. ते काही मिळालं नाही. एक गोष्ट तेवढी डोक्यात बसली. यादी करणं त्याच्या हातात नव्हतं, दम टिकवणं होतं. तो त्याने टिकवला. आणि तोंडही बंद केलं नाही.

रविवारी गाडी बाहेर काढली. वाकड, औंध, ब्रेमेन चौक, स्पायसर रोड आणि खडकी. बाजारात चहा प्यायले. टपरीवरच्या काकांना विचारलं, ‘‘धनराज पिल्ले इथलेच ना?’’ ते म्हणाले, ‘‘मग काय, आपलाच पोरगा तो!’’ पद्मश्री, खेलरत्न मिळालेल्या माणसाचा असा एकेरी उल्लेख! ही ऐट कुठल्या प्रमोशनमध्ये मिळत नाही बघा. डब्लिनवाला सांगत होता ते ‘आपल्या गावचं’ प्रकरण मला तिथे चहाच्या ग्लासासकट कळलं.

परतताना आईकडे गेले आणि माळ्यावर चढले. ‘‘काय शोधतेस गं?’’ ‘‘स्टिक.’’ ‘‘आता? या वयात?’’ ‘‘आई, चौतिसाव्या वर्षी तो वर्ल्डमध्ये बेस्ट होता!’’ आईने फक्त कपडा पुढे केला, धूळ पुसायला.

बेंच अजून तीन आठवडे चालला. मग नवा प्रोजेक्ट मिळाला, आधीच्यापेक्षा छोटा. पहिल्याच मीटिंगमध्ये मी कॉम्प-ऑफचं विचारून घेतलं. आधी विचारलेलं बरं! राजीनाम्याचा मेल ड्राफ्ट्समध्येच आहे. रविवारी सकाळी मात्र मी नेहरूनगरला असते. पिंपरीतल्या मेजर ध्यानचंद स्टेडियमच्या आसपास पोरं खेळताना बघायला. स्टिक सोबत असते. गेल्या रविवारी एका आठवीतल्या मुलीने विचारलं, ‘‘ताई, खेळणार का?’’

दहा मिनिटांत धाप लागली. पण बोलावलं की हो यार!

धनराज फाइल

* आंतरराष्ट्रीय सामने : ३३९ (१९८९ ते २००४)
* चारचा पाढा : ४ ऑलिंपिक, ४ वर्ल्ड कप, ४ चॅम्पियन्स ट्रॉफी, ४ एशियन गेम्स
* एशियाड पदकं : सुवर्ण १९९८, रौप्य १९९०, १९९४, २००२
* परदेशी क्लब : इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, मलेशिया आणि बांगलादेशात खेळला
* घरचा संघ : प्रीमिअर हॉकी लीगमध्ये मराठा वॉरिअर्स
* ऑफिसवाल्यांसाठी खास : मुंबईतल्या हॉकी अकादमीसाठी त्याने प्रिंटरची रिकामी कार्ट्रिज गोळा करून निधी उभारायची शक्कल लढवली होती!