थंडीत रुसणारी गाडी

आमच्या घरची मारुती 800 ही 2004 सालची. अब्बांनी निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतून घेतलेली. आता तिच्यातूनच त्यांना मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला न्यावे लागते. पाळी सकाळी साडेसहाची. नाशिकचा डिसेंबर कसा असतो ते इथले लोक जाणतात. फजरनंतर किल्ली फिरवावी, सेल्फ फिरतोय, पण इंजिन काही धरत नाही. धरले तरी न्यूट्रलवर असे थरथरायचे की आरसा हलायचा, आणि सिग्नलला गाडी बंद. एका शुक्रवारी आम्ही चाळीस मिनिटे उशिरा पोहोचलो. मशीनवर पुढच्या रुग्णाची वेळ ठरलेली असते. अब्बांचे डायलिसिस तेवढे कमी झाले. त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही.

आधीच्या गॅरेजवाल्याने आम्हाला क्रमाने बॅटरी, प्लग आणि पेट्रोल पंप बदलायला लावले. प्रत्येक वेळी दोन दिवस गाडी बरी चालायची. नंतर लक्षात आले की त्या दोन दिवसांत थंडीच कमी होती.

मग मोहल्ल्यातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. म्हणाले, "मास्टर, पहले देखो, फिर खोलो. आठ दिन लिखके लाओ." मुलांना निरीक्षणवही लिहायला लावणाऱ्या आम्हाला हे सुचले नव्हते याची थोडी शरम वाटली.

काय पाहायचे ते त्यांनी सांगितले. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना सेल्फच मंद फिरत असेल, तर दोष बहुधा बॅटरीचा किंवा तिच्या टर्मिनलवर जमलेल्या पांढऱ्या-हिरव्या पुटाचा. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना मीटरवर साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 च्या आसपास असेल तर ती अर्धीच भरलेली समजावी. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही, तर किल्ली नुसती ऑन करून पंपाचा दोन-तीन सेकंदांचा गूंऽ आवाज ऐकायचा. पुन्हा बंद, पुन्हा ऑन, असे दोन-तीनदा करून मग सेल्फ मारला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर रात्रीतून पेट्रोलचा दाब उतरतो आहे. अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबल्यावर सुरू होत असेल, तर हवा कमी पडते आहे; थ्रॉटल बॉडीत काजळी किंवा आयडलचा व्हॉल्व्ह अडकलेला.

आमच्या वहीत यातले एकही बसेना. सेल्फ जोरात, पंपाचा आवाज स्पष्ट, तीनदा किल्ली फिरवूनही फरक नाही, अ‍ॅक्सिलरेटरनेही नाही. मात्र दुपारी शाळा सुटल्यावर, ऊन खाल्लेली गाडी पहिल्या फटक्यात सुरू. म्हणजे रुसवा फक्त गारव्याशी होता. वहीचे हे पान पाहून मिस्त्री हसले आणि थेट कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरकडे वळले.

इंजेक्शनच्या गाडीला चोक नसतो. इंजिन गार आहे हे हा सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो, आणि मग कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. सेन्सर गार असताना मीटरवर दोन-तीन हजार ओहम दाखवतो, इंजिन तापले की काही शेच. आमचा सेन्सर भर थंडीत काही शे दाखवत होता. म्हणजे कुडकुडणारे इंजिन तो तापलेले सांगत होता आणि पेट्रोल त्या हिशेबाने मोजून मिळत होते. मग चेक इंजिनचा दिवा का लागला नाही? तार तुटली असती तर लागला असता. पण खोटा तरी शक्य वाटणारा आकडा कॉम्प्युटर खरा मानतो. शाळेत पाहून लिहिलेले उत्तर जसे कधी कधी खपून जाते, तसे.

सेन्सर बदलला. दुसऱ्या पहाटे गाडी लगेच सुरू झाली, पण थरथर तशीच. आम्ही दोन्ही तक्रारी एकच समजत होतो, तिथेच इतके दिवस फसलो होतो. थरथर गरम इंजिनावरही होती, रेस दिली की नाहीशी व्हायची. एखादा प्लग किंवा त्याची वायर गेली असती तर तीन सिलिंडरच्या या इंजिनाचा एक तृतीयांश जोरच गेला असता आणि चढावरही झटके बसले असते. रेस दिल्यावर शांत होणारी थरथर ही बहुतेक वेळा कुठून तरी चोरून आत जाणाऱ्या हवेची असते. आयडलला इंजिन थोडीशीच हवा घेते, म्हणून बारीक चीरही जाणवते. रेसमध्ये हवेच्या लोंढ्यात ती लपते. मिस्त्रींनी चालू इंजिनावर रबरी नळ्या एकेक करून चिमटीत दाबल्या. एक दाबताच इंजिन शांत झाले. नळीला खालच्या बाजूने चीर होती. वरून दिसणे शक्यच नव्हते. काही लोक अशा वेळी क्लीनरचा फवारा मारून चीर शोधतात. तापलेल्या इंजिनावर तो पेट घेऊ शकतो, घरी कुणी करू नये.

सेन्सर आणि नळी मिळून खर्च नव्या बॅटरीच्या चौथाईही आला नाही. आधीच्या गॅरेजवाल्याशी भांडायला आम्ही गेलो नाही. त्याने अंदाजाने सामान बदलले हे खरे, पण "गाडी सुरू होत नाही" याहून जास्त आम्हीही त्याला काही सांगितले नव्हते.

एक गोष्ट मात्र आवर्जून. इंजिन तापवायला गाडी बंद पत्र्याच्या शेडमध्ये चालू ठेवून आत चहा प्यायला जाऊ नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. गाडी बाहेर काढा, अर्धा मिनिट थांबा आणि हळू चालवत न्या. चालतानाच ती लवकर तापते.

वही अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. हल्ली ती अब्बाच लिहितात, आपल्या वळणदार उर्दू अक्षरात. गेल्या शुक्रवारची नोंद आहे: सहा वाजून पाच मिनिटे, पहिल्याच सेल्फला सुरू.